शिशाच्या वाटांवरून

इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायरच्या मुलखात, पेनाइन डोंगररांगेच्या पूर्व उतारावरून स्वेल नदी कील्ड या लहानशा खेड्यापासून रिचमंडच्या किल्ल्याकडे ज्या दरीतून वाहत जाते, तिला स्वेलडेल असे म्हणतात. चुन्यावाचून रचलेल्या दगडी गडग्यांनी विभागलेली कुरणे, जवळजवळ प्रत्येक कुरणात वैरणीचे एकाकी कोठार, काळ्या तोंडाची मेंढरे आणि या सर्वांच्या वर हीदरच्या झुडपांनी आच्छादलेले उजाड माळ, असे तिचे दर्शनी रूप आहे. यॉर्कशायर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून तिचा अंतर्भाव असल्यामुळे येणारा प्रवासी हे रूप निसर्गदत्त समजून परत जातो. परंतु मुख्य रस्ता सोडून माळाकडे चढणाऱ्या एखाद्या खडीच्या वाटेने जो कोणी वर जाईल, त्याला अर्ध्या प्रहराच्या आत उमगेल की, आज शांत दिसणारी ही दरी कित्येक पिढ्या शिशाच्या खाणींवर जगलेली, धुराने काळवंडलेली आणि कष्टाने झिजलेली आहे.

अशा वाटांनी जाण्यासाठी गेल्या दोन दशकांत एक विशिष्ट सायकल प्रचारात आली आहे. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, परंतु टायर तिच्या टायरांहून पुष्कळ रुंद, म्हणजे साधारणतः 40 ते 45 मिलिमीटर, त्यांत हवा बेताची, डिस्क ब्रेक आणि चढावर पाय मोडणार नाहीत इतके हलके गिअर, अशी तिची ठेवण असते. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 2006 साली सुरू झालेल्या खडीच्या रस्त्यांवरील एका दीर्घ शर्यतीमुळे या प्रकाराचा बोलबाला झाला खरा, परंतु इंग्लंडला ही कल्पना परकी नव्हती. यॉर्कशायरमधीलच हॅरोगेट येथे 1878 साली सायकलस्वारांचा जो राष्ट्रीय संघ स्थापन झाला, त्याच्या आरंभीच्या सभासदांना डांबराचा रस्ता ठाऊकच नव्हता. आणि डांबर सर्वत्र पसरल्यानंतर, 1955 साली, हेरफर्डशायरमधील लेमिन्स्टर येथे ज्या मंडळींनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ काढली, त्यांनी साध्याच सायकली खांद्यावर घेऊन डोंगरवाटा तुडविण्याचा परिपाठ कित्येक वर्षे चालविला.

स्वेलडेलमधील उत्तम वाट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी नि:शंकपणे ओल्ड गँगच्या वाटेचे नाव घेईन. रीथ गावाच्या पश्चिमेस सरेंडर ब्रिज नावाचा जुना पूल आहे. तेथून ओढ्याच्या काठाने एक रुंद, सौम्य चढाची वाट ओल्ड गँगच्या शिसे गाळण्याच्या भट्टीकडे जाते. वाट सौम्य असण्याचे कारण उघड आहे: खनिजाने लादलेली तट्टे आणि गाड्या जिच्यावरून न्यावयाच्या, ती वाट आखताना चढाचा हिशेब करावाच लागतो, आणि तो हिशेब आज सायकलस्वाराच्या पायांना फळतो. भट्टीच्या भिंती आता पडक्या झाल्या असल्या तरी तिची चिमणी अद्याप उभी आहे. धुरातील शिसे वाया जाऊ नये म्हणून डोंगरावर चढत नेलेला दगडी धुरबोगदा आहे, ज्याच्या आतल्या भिंतींवर साचलेले विषारी शिसे माणसे आत शिरून खरवडीत असत. आणि वरच्या अंगास पीट, म्हणजे दलदलीतील जळाऊ माती, साठविण्याच्या प्रचंड कोठाराचे दगडी खांब रांगेने उभे आहेत. हे कोठार सुमारे 120 मीटर लांबीचे होते आणि भट्टीला तीन वर्षे पुरेल इतके जळण त्यात मावत असे.

येथे सायकलवरून उतरून वाटेकडे जरा वाकून पाहावे. चाकाखाली जी खडी करकरते ती नदीतील गोटा नव्हे. तो खाणीतून उपसलेला आणि हातोड्याने फोडलेला टाकाऊ माल आहे, आणि त्यात पांढऱ्या कॅल्साइटच्या कपच्या, जड बॅराइटचे तुकडे, क्वचित गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा, करडा चकाकणारा कण सापडतो. या ढिगांवर गवतही धड धरत नाही, कारण मातीत शिसे मुरलेले आहे. मात्र स्प्रिंग सँडवर्ट नावाची एक खुजी वनस्पती, जिला स्थानिक लोक लेडवर्ट म्हणतात, तेवढ्याच विषारी जागी पांढऱ्या फुलांनी बहरते. पुढे मेलबेक्सच्या माळावर चढल्यावर हा उजाडपणा क्षितिजापर्यंत पसरतो आणि मग गनरसाइड गिलच्या घळीत उतरताना ‘हश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भयंकर खाचा दिसतात. माळाच्या माथ्यावर बांध घालून पाणी साठवावयाचे, बांध एकाएकी फोडावयाचा आणि त्या लोंढ्याने माती-खडक वाहून नेऊन खनिजाची शीर उघडी करावयाची, ही ती पद्धत. बंटन, फ्रायरफोल्ड आणि गॉर्टन या तीन हशांनी डोंगराची कूस जी फाडली ती अद्याप भरून आलेली नाही. घळीच्या उतारावर शहाण्या माणसाने सायकल हातात धरून चालावे.

या वाटांचे महत्त्व ज्याने प्रथम अभ्यासपूर्वक ओळखले तो आर्थर रेस्ट्रिक (1896–1991) हा भूगर्भशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल त्याने कारावास सोसला आणि पुढे दीर्घ आयुष्यभर डेल्समधील खाणी, भट्ट्या व हिरव्या, म्हणजे गवत माजलेल्या जुन्या, वाटा पायी हिंडून त्यांचा इतिहास लिहिला. 1978 साली प्रसिद्ध झालेले त्याचे पेनाइनमधील हिरव्या वाटांवरील पुस्तक मला या विषयाचे मूळ दप्तर वाटते. रस्ता हा तो ज्यांनी वापरला त्यांच्या धंद्याचा दाखला असतो, ही त्याची दृष्टी मला सर्वस्वी मान्य आहे. 1880 नंतरच्या दशकात परदेशी शिशाच्या आयातीने भाव कोसळले, खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे डरहॅमच्या कोळसाखाणींकडे, लँकेशायरच्या कापडगिरण्यांकडे किंवा अमेरिकेकडे निघून गेली. वाटा तेवढ्या राहिल्या.

राहिल्या खऱ्या, पण त्यांवरून कोणी जावे हे आता डोंगर ठरवीत नाही, कायदा ठरवितो. 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या मंडळावर सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली, आणि एखादी वाट पायवाट म्हणून नोंदली गेली की घोडवाट म्हणून, यावर पुढचे सारे अवलंबून राहिले. 1968 च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याच्या तिसाव्या कलमाने सायकलस्वारांना घोडवाटांवर जाण्याचा हक्क दिला. त्यांनी पादचारी व घोडेस्वार यांना वाट द्यावी ही अट घातली. आणि सायकलींच्या सोयीसाठी वाट दुरुस्त करण्याचे कोणतेही बंधन सरकारी यंत्रणेवर येणार नाही, हेही त्याच कलमात नमूद केले. पायवाटेवर मात्र सायकल नेणे हे, गुन्हा नसले तरी, जमीनमालकाविरुद्ध दिवाणी स्वरूपाचे अतिक्रमण ठरू शकते. परिणामी इंग्लंडातील सार्वजनिक वाटांच्या एकूण लांबीपैकी केवळ सुमारे 22 टक्के वाटांवर सायकलस्वाराला निर्वेधपणे जाता येते. शेजारच्या स्कॉटलंडने 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला, सायकलस्वारासह, बहुतेक जमिनीवर संचाराची मोकळीक दिली, हे लक्षात घेता इंग्लंडची ही व्यवस्था मला संकुचित वाटते.

यातील अन्याय कोठे आहे हे स्वेलडेलमधील जुन्या प्रेतवाटेच्या उदाहरणावरून ध्यानी येते. दरीतील म्यूकर या गावच्या देवळाची स्थापना 1580 साली झाली. तोपर्यंत दरीच्या वरच्या भागातील मृतांना वेताच्या शवपेटीत घालून, खांद्यावरून, सुमारे 25 किलोमीटर दूर ग्रिंटनच्या सेंट अँड्र्यू देवळाच्या स्मशानात न्यावे लागे, आणि त्यासाठी दोन दिवसही मोडत. आयव्हलेटच्या कमानी पुलाच्या टोकाशी, खांदेकऱ्यांनी पेटी टेकून विसावा घ्यावा म्हणून ठेवलेला दगड आजही आहे. ज्या वाटेची वहिवाट इतकी जुनी आणि इतकी अनिवार्य, तिचे आज तुकडे झाले आहेत: किसडन टेकडीवरचा भाग घोडवाट, म्यूकरच्या फुललेल्या कुरणांतील फरसबंदी तुकडा पायवाट, पुढे कोठे डांबरी रस्ता. कुरणांतील तो तुकडा अरुंद आहे, गवत कापणीपर्यंत त्यावर चाक जाऊ नये हे मला पटते. पण माळावरच्या खाणवाटांची गोष्ट वेगळी. 1950 च्या सुमारास नकाशे भरले गेले तेव्हा खाणी बंद पडून साठ-सत्तर वर्षे लोटली होती. ज्या वाटेवरून एकेकाळी गाड्या धावल्या तिच्यावर तेव्हा केवळ मेंढपाळ व पदयात्री दिसत असतील, तर ती पायवाट म्हणून नोंदली जाणे सहज संभवते. अशा नोंदीने वहिवाट नाहीशी होत नाही, ती फक्त झाकली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून 2000 सालच्या कायद्याने जुन्या, न नोंदलेल्या वाटांचे दावे करण्यास 2026 ची मुदत घातली तेव्हा घोडेस्वारांच्या व सायकलस्वारांच्या संस्थांनी दप्तरे धुंडाळण्यास आरंभ केला. मुदत पुढे 2031 पर्यंत वाढविण्यात आली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती मुळातच रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. नॉर्थअ‍ॅलर्टन येथील परगण्याच्या अभिलेखागारात जुने दस्तऐवज जतन केलेले आहेत. सामाईक माळांच्या वाटणीचे निवाडे, चर्चच्या दशमांश करासाठी काढलेले मोजणीचे नकाशे, खाणींच्या पट्ट्यांचे करारनामे, हे सर्व अशा दाव्याला पुरावा म्हणून उपयोगी पडतात. अर्ज 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यान्वये करावयाचा असतो. तो कोणाही नागरिकाला करता येतो.