बोर्ड मेलं नाही, आधी डीटीएस फाईल बघा

डिप्लोमाला शिकणारी आपली मुलं प्रोजेक्टसाठी बीगलबोन ब्लॅकसारखं बोर्ड आणतात. सिरियल केबल जोडली तरी लॅपटॉपवर एक अक्षर उमटत नाही, आणि घरात एकच बोलणं, पैसे बुडाले! आम्हीही असंच एक बोर्ड टाकून द्यायला निघालो होतो.

यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह आपली ओळख स्वतः सांगतो. चिपमधला सिरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे, 512 एमबी रॅम कुठून सुरू होते, हे मात्र कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ते डिव्हाइस ट्रीमध्ये असतं. डीटीएस ही साधी मजकुराची फाईल. डीटीसी नावाचा कंपायलर तिची डीटीबी बनवतो. यू-बूट हा बूटलोडर ती वाचून स्वतःला जुळवून घेतो.

आमची चूक निघाली 'चोझन' नोडमधल्या 'स्टडआउट-पाथ' या एका ओळीत. तिथे यूएआरटी0 हवा होता, आम्ही दुसराच लिहिलेला. बूटलोडर बिचारा बोलत होता, आम्हीच भलत्या पिनांना कान लावून बसलेलो!

ओळ सुधारली, तरी स्क्रीन कोरीच. कारण आम्ही फक्त लिनक्सची डीटीबी बदलली होती. यू-बूटची स्वतःची डीटीबी सहसा त्याच्या इमेजलाच जोडलेली असते. यू-बूट पुन्हा बिल्ड करून कार्डावर टाकला, तेव्हा कुठे अक्षरं दिसली.