नाव एकच, पॅन निराळा

कोसबाडच्या टेकडीवरून पाहिले की खाली वाड्या आणि पश्चिमेस समुद्राची रेघ दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्यामुळे हे गाव महाराष्ट्रास ठाऊक आहे. याच गावातील एक शिक्षिका तीन वर्षांपूर्वी माझ्या घरी आल्या. दुसऱ्या तालुक्यातील एका खाजगी संस्थेत त्यांची नोकरी. हाती आयकर खात्याची सूचना होती. कलम १४३(१) अन्वये ३८,३९० रुपये तीस दिवसांत भरावेत, असे बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राने कळविले होते.

"काका, कर तर पगारातूनच कापतात. मग मी तो बुडवला असे कसे झाले?" त्यांनी विचारले. घरी कर्जाचा हप्ता होता, मुलाची फी भरायची होती. पण रकमेपेक्षा 'थकबाकीदार' हा शब्द त्यांना अधिक लागला होता, हे माझ्या ध्यानात आले. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यानंतर हा शब्द माणसाला किती खाली पाहायला लावतो, हे मला सांगावे लागत नाही.

त्यांच्या बारा पगारपत्रकांची बेरीज केली. कापलेला कर ३५,२०० रुपये भरला. मागणीतील उरलेली रक्कम व्याजाची. मात्र पोर्टलवरील फॉर्म २६एएस उघडला, तर तेथे एक पैही जमा नव्हती. संस्थेने दिलेला फॉर्म १६ पाहिला आणि शंका बळावली. या फॉर्मचा 'भाग अ' मालकाने ट्रेसेस या सरकारी संकेतस्थळावरून काढून द्यायचा असतो. येथे मात्र कार्यालयातच टंकलेले एक पान होते. शिक्का होता, सही होती, परंतु ट्रेसेसची खूण नव्हती. वाचकहो, आपला फॉर्म १६ प्रथम या दृष्टीने पाहावा.

मी सहज विचारले, "बाई, तुमच्या नावाचे आणखी कोणी तेथे आहे का?" त्या चकित झाल्या. नाव, आडनाव सारे तेच असलेल्या दुसऱ्या शिक्षिका त्याच संस्थेत होत्या. शाळेत एकीला मोठ्या बाई आणि दुसरीला धाकट्या बाई म्हणत. पगाराच्या संगणकास मात्र मोठे-धाकटे कळत नाही. लिपिकाने दोघींच्या नावापुढे मोठ्या बाईंचाच पॅन चढविला होता. त्यामुळे चारही तिमाहींच्या २४क्यू विवरणांतून धाकट्या बाईंचा कर मोठ्या बाईंच्या खाती जमा होत राहिला. एका नावाच्या दोन खातेदारांपैकी भलत्याच्याच खात्यात चेक जमा व्हावा, तसा हा प्रकार. बँकेत खाते क्रमांकास जे स्थान, तेच आयकरात पॅनला.

संस्थेच्या कार्यालयाने सांगितले, "आता ऑनलाइन गेले, बदलता येत नाही. तूर्त भरून टाका, पुढे परत मिळेल." हा सल्ला सर्वस्वी चुकीचा होता. ही चूक आयकर अधिकारीही परस्पर दुरुस्त करू शकत नाही. ज्याने विवरण भरले, त्यानेच दुरुस्ती विवरण भरावे लागते. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना याचे नवल वाटेल. तेथे करखातेच प्रत्येकास टॅक्स कोड देते. १२५७एल या प्रचलित कोडमधील आकडा १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेवरून येतो, आणि तो कोड चुकला तर नोकरदार थेट खात्याशी बोलतो. आपल्याकडे पहिला दरवाजा मालकाचा.

कायदा मात्र नोकरदाराच्या बाजूस आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाचे कलम २०५ सांगते, की जितका कर मुळातून कापला गेला, तितका त्या व्यक्तीकडून पुन्हा मागता येत नाही. मालकाने कर कापला पण सरकारात भरलाच नाही, अशा प्रकरणातही मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये नोकरदारास हे संरक्षण दिले. तशा प्रकरणांत वसुलीची सक्ती करू नये, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना बजावले. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. येथील क्रमांक जुने समजावेत.) तरीही कर कापला गेला, हे सिद्ध करावे लागतेच. बाईंनी पगारपत्रके पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, म्हणून पुढचे सारे जमले.

प्रथम पोर्टलवर 'मागणी अमान्य' असे उत्तर नोंदविले, कारणासह. गप्प राहिल्यास पुढील वर्षाचा परतावा या मागणीत वळता होण्याची भीती असते. मग पगारपत्रके व पासबुकाच्या प्रती जोडून संस्थेस पोचपावतीसह पत्र पाठविले. चुकीच्या विवरणास कलम २७१एच अन्वये दहा हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो, हे नम्रपणे लिहिले. नम्रपणा असावा, पण कलमाचा आकडा अवश्य असावा. नोव्हेंबरअखेर दुरुस्ती विवरणे गेली. धाकट्या बाईंच्या २६एएसमध्ये ३५,२०० रुपये दिसू लागल्यावर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज केला आणि मागणी शून्यावर आली.

खरी अडचण मोठ्या बाईंची निघाली. त्यांचे विवरणपत्र सायबर कॅफेत भरलेले. पगार स्वतःचा, पण जमा कर पोर्टलवर आधीच भरून आलेला, म्हणजे दोघींचा. त्यावर मोठा परतावा आला होता आणि तो घराच्या छपरावर खर्चही झाला होता. त्यांनी काहीच लपविले नव्हते. केवळ आकडे तपासले नव्हते. सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर होती. ते २७ तारखेस भरले. पुढे परताव्याची रक्कम परत करण्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी भिशीचे पैसे काढले. चलन भरण्यास त्या बँकेत गेल्या, तेव्हा सोबत धाकट्या बाई होत्या, आणि पावतीवरचा पॅन दोघींनी मिळून एकेक अक्षर वाचून पाहिला.