मागची चाकं दिसली पाहिजेत

शिकवणीच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन-दोन असतात. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरी डावीकडे बसलेल्या सरांच्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ही सोय सक्तीची केली आहे. मागच्या सीटवर बसून पाहिलं की पहिले चार-पाच दिवस गाडी खरं तर कोण चालवतंय ते कळतं. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, कपाळावरचा घामही त्याचाच. गाडी मात्र सरांच्या चपलेतल्या पायांवर चाललेली. "बघा, जमलं की तुम्हाला," असं म्हणताना त्यांचा पाय ब्रेकवरून नुकताच उचललेला असतो.

एरंडवण्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी काही दिवस असा मागे बसत होतो. पुण्यातल्या वाहतूककोंडीवर कुठेही गप्पा निघाल्या की त्या शेवटी एकाच वाक्यावर येतात: लोकांना गाडी चालवायची अक्कलच नाही. ती अक्कल शिकवायची जागा कोणती, आणि तिथे ती शिकवतात का, एवढंच मला पाहायचं होतं.

नियमाप्रमाणे खासगी गाडीच्या शिकवणीला किमान 21 दिवस आणि हातात स्टिअरिंग असलेले किमान 10 तास हवेत. त्यातले कितीतरी तास एकटा क्लच खातो. "सोडा, सोडा, हळू... आता धरून ठेवा, इथेच गाडी उचलते." गाडी गचका खाऊन बंद पडते, मागून हॉर्न वाजतो, शिकणारा घाईघाईने पुन्हा किल्ली फिरवतो आणि गाडी गिअरमध्येच असल्याने ती पुन्हा उडी मारते. माझ्या मते नवा ड्रायव्हर रस्त्याकडून घेतो तो पहिला धडा म्हणजे हा हॉर्न. थांबणं हा गुन्हा आहे, हे त्याच्या मनात पहिल्या आठवड्यातच पक्कं होतं. पुढे आयुष्यभर तो सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच इंच-इंच पुढे का सरकत राहतो, त्याचं एक कारण इथे सापडतं.

सरांची स्वतःची शिकवण वेगळी होती. बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक ताई शिकायला येत. नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांनी गाडी पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटवून उभी केली.

"ताई, पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतायत?"

"नाही."

"चाकं दिसली पाहिजेत. चाकं आणि त्यांच्या खालचा थोडा रस्ता. मग तो बंद पडला तरी आपल्याला बाजूने निघता येतं."

पुढच्या सिग्नलला ताईंनी तेवढी जागा सोडली. त्या जागेत डावीकडून एक रिक्षा तिरकी घुसली. ताईंचा चेहरा पडला. "बघा, म्हणूनच कुणी जागा सोडत नाही," त्या म्हणाल्या. सर आरशात बघत म्हणाले, "तो आला म्हणून आपण किती मागे गेलो? एक रिक्षा. येऊ दे."

हा हिशेब आकड्यांत मांडला तर तो सरांच्या बाजूचा निघतो. हिरव्या दिव्यात एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक गाडी बाहेर पडते. म्हणजे पुढे घुसलेल्या रिक्षाने ताईंचे दोन सेकंद खाल्ले. उलट तीस सेकंदांच्या हिरव्या दिव्यात चौकाचं तोंड पहिले दहा सेकंद अडलेलं असेल, तर दर लेनमागे पाच गाड्या पुढच्या फेरीला राहतात. त्या फेरीत पुन्हा असंच झालं की मागची शेपटी अलीकडच्या चौकात जाऊन पोचते, आणि मग तिथला हिरवा दिवाही कामाचा राहत नाही.

चौकाचं तोंड अडवतात ते पलीकडे जागा नसताना आत शिरलेले लोक. मेहेंदळे गॅरेजच्या चौकात संध्याकाळी उभं राहून हे कुणालाही पाहता येईल. दिवा हिरवा आहे, पुढची रांग हललेली नाही, तरी गाडी आत घालायची. दिवा लाल होतो आणि ती गाडी मधोमध आडवी राहते. तिच्या दोन्ही बाजूंनी दुचाक्या वाट काढू पाहतात आणि उरलेली फटही बुजते. प्रत्येकाला वाटतं, आपण चार फूटच तर पुढे आलो. पलीकडे जागा नसेल तर हिरव्या दिव्यातही चौकात शिरू नये, हे 2017 च्या वाहन चालन विनियमांत लिहिलेलं आहे. मागे बसून मी जेवढ्या शिकणाऱ्यांना विचारलं, त्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. हिरवा म्हणजे जा, इतकंच. शिकाऊ परवान्याची परीक्षा मात्र सगळेच पास झालेले होते. तिला शेकडा 60 गुण पुरतात आणि हल्ली ती घरबसल्या देता येते.

पक्क्या लायसन्सची चाचणी भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या ट्रॅकवर होते. शिकणारे त्या दिवसाबद्दल बोलतात ते एकाच गोष्टीसाठी, रिव्हर्समध्ये एच काढणं. खांबाला गाडी लागली की नापास, म्हणून क्लासचे शेवटचे दिवस त्यातच जातात. कुठला खांब आरशाच्या कोपऱ्यात आला की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, हे सर पाठ करून घेतात. चौकात इतरांची वाट न अडवता योग्य रीतीने जाता येतं का, हे तपासायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या पंधराव्या नियमात सांगितलं आहे. पण ट्रॅकवर गर्दीच नसते. ना कुणी डावीकडून घुसत, ना मागून हॉर्न मारत. गाडी हाताळता येते का, एवढंच तिथे कळतं.

शिस्तीने गाड्या चालवल्या तर कोंडी नाहीशी होईल, असा माझा दावा नाही. जपानमध्ये सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 230 मीटरच्या गोल रस्त्यावर 22 गाड्या ताशी 30 किलोमीटरच्या बेताने चालवायला सांगितल्या होत्या. 2008 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध झाला. ना सिग्नल, ना खड्डा, ना आगाऊ रिक्षा. तरी थोड्या वेळाने कुणीतरी किंचित ब्रेक मारला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी, आणि थांबलेल्या गाड्यांचा पुंजका रस्त्यावरून मागे-मागे सरकू लागला. गाड्या एका मर्यादेपलीकडे दाटल्या की चांगले ड्रायव्हरही अडकतात. पुण्यात तर बस अपुऱ्या आणि दुचाक्या घराघरात. पण ती मर्यादा यायच्या आधी, गाड्यांमधल्या मोकळ्या जागेने असे धक्के जिरवता येतात. ती जागा सोडायला ड्रायव्हर सोडून कुणाला खर्च येत नाही. विद्यापीठ चौकातला पूल 2020 मध्ये पाडून तिथे नवा दुमजली पूल उभारणाऱ्या शहराला हे सांगायला जरा संकोच वाटतो, एवढंच.

शिकवणी वाढवावी हे सरकारलाही सुचलेलं आहे. 2021 पासूनच्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम 29 तासांचा आहे, त्यातले 8 तास वर्गातले. कागदावर चांगली गोष्ट आहे. गल्लीतला क्लास मात्र दहा तासांवरच चालतो आणि बहुतेकांना तोच परवडतो.

मी सरांना विचारलं, तुम्ही संध्याकाळी सहाला का नाही शिकवत? कोंडीतलं शिकायचं तर कोंडीतच. त्यांनी सरळ पैशाचा हिशेब सांगितला. सकाळी पावणेसातला कर्वे रस्त्यावरून अर्ध्या तासात जो फेरा होतो त्याला संध्याकाळी तास लागतो. पेट्रोल जास्त, तासाला दोनाऐवजी एकच विद्यार्थी, आणि क्लचप्लेट लवकर जाते ती वेगळीच. फी वाढवली तर माणूस पलीकडच्या गल्लीतल्या क्लासला जातो. तरी शेवटचे दोन धडे ते संध्याकाळी ठेवतात, जादा पैसे न घेता. निवृत्त ताई दोन्ही दिवस आल्या. कॉलेजची मुलं बहुतेक येत नाहीत; त्यांचा एच तोवर जमलेला असतो आणि भोसरीची तारीखही मिळालेली असते.