घोड्याचा रिकामा वेळ

पुण्याच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी घोडेस्वारी शिकते. ज्या घोड्यावर ती बसते, तो तबेल्यात असला की दाराशी उभा राहून तासन्‌तास मान डावी-उजवीकडे झुलवत राहतो. शिकवणारे म्हणतात, 'खोड आहे त्याची.' मुलीने साठवलेल्या पैशांतून त्याच्यासाठी एक चेंडू मागवायचं ठरवलं आहे. चेंडूत दाणा भरायचा. घोड्याने तो नाकाने ढकलला की भोकातून थोडा थोडा दाणा बाहेर पडतो. चेंडू बराच महाग आहे. म्हणून आई विचारतात, अशा खेळण्याने जनावराला खरंच काही फरक पडतो, की हा नुसता बाजार आहे?

या चेंडूवर प्रयोग झालेले आहेत, त्यामुळे उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही. पण त्याआधी घोड्याच्या पोटात डोकवावं लागेल. खोड म्हणून जे काही सांगितलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम तिथे आहे.

मोकळ्या माळावरचा घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरतो. चार पावलं चालायचं, दोन घास खुडायचे, पुन्हा चार पावलं. रात्रीही हेच. त्याची सगळी शरीररचना या संथ, अखंड चरण्यासाठी झालेली आहे. अंगाच्या मानाने जठर अगदी लहान आणि पित्ताशय मुळातच नाही. आपल्या जठरात आम्ल मुख्यतः जेवणाच्या सुमाराला वाढतं. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास झरत असतं. त्या आम्लाला उतारा असतो लाळेचा, आणि लाळ सुटते ती फक्त चावताना. नुसतं अन्न पाहून किंवा हुंगून त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही.

आता हाच घोडा तबेल्यात आणा. किलोभर वाळलेलं गवत चावायला त्याला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, किलोभर दाणा तो दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. शर्यतीच्या किंवा स्वारीच्या घोड्याला ताकद हवी म्हणून चंदी भरपूर आणि वैरण बेताची, अशी रीत जगभर पडली. तोबरा रिकामा झाला की पुढचे कित्येक तास तोंडाला काम नाही, लाळ नाही आणि आम्ल मात्र झरतंच आहे. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून वाचवणारं जाड अस्तर नसतं. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरातले व्रण इतके सर्रास का सापडतात, ते यावरून समजेल.

अशा घोड्याच्या दाराची कड एकदा जवळून पाहा. लाकूड दातांनी खाऊन वाटीसारखं खोलगट झालेलं असतं. घोडा येतो, वरचे पुढचे दात त्या खोबणीत टेकवतो, मान ताणून मागे ओढतो. गळ्याखालचे स्नायू दोरखंडासारखे वर येतात आणि ढेकरेसारखा एक आवाज होतो. दोन-चार सेकंदांत पुन्हा तेच. कुणी दिवसातून शेकडो वेळा करतो. याला 'क्रिबिंग' म्हणतात. घोडा हवा गिळतो आणि त्यामुळे त्याचं पोट फुगतं, अशी जुनी समजूत होती. पॉल मॅकग्रीवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली क्ष-किरणांखाली हा प्रकार पाहिला, तेव्हा हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात शिरते आणि बहुतेक सगळी तिथूनच परत येते, असं दिसलं. जठरापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नव्हतं.

मग घोडा हे करतो तरी कशाला? इथे मला ख्रिस्टीन निकोल यांच्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायचं आहे. तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठात असलेल्या या संशोधक कोंबड्यांच्या कल्याणावरच्या कामासाठी अधिक ओळखल्या जातात. घोड्यांच्या जगात त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२५ शिंगरांवर चार वर्षं नजर ठेवली. खोड लागलेला घोडा तपासायचा म्हटलं की कारण भूतकाळात हरवलेलं असतं. त्यांनी उलटा मार्ग धरला: खोड लागण्याआधीपासून पाहायला सुरुवात केली. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आईपासून तोडल्यावर ज्या शिंगरांना दाण्याचा खुराक सुरू केला, त्यांना क्रिबिंग लागण्याचा धोका चौपट होता. ही सवय बहुधा पाच महिन्यांच्या आसपासच लागते. म्हणजे तबेल्यात आज दिसणाऱ्या दहा वर्षांच्या घोड्याची खोड बहुतेक वेळा त्याच्या बालपणातली असते. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात असंही आढळलं, की क्रिबिंग करणाऱ्या शिंगरांच्या जठरात दाह आणि व्रण जास्त होते.

क्रिबिंगमुळे थोडी लाळ सुटते आणि जळजळ शमते, असा एक तर्क आहे. दुसरा धागा मेंदूतला. निकोलस डॉडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अमेरिकेत क्रिबिंग करणाऱ्या घोड्यांना अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध टोचलं, आणि क्रिबिंग थांबलं. मेंदू स्वतःच तयार करतो त्या वेदनाशामकांचा या कृतीशी संबंध असावा, असं त्यावरून दिसतं. हा घोडा हट्टी नाही, द्वाडही नाही. त्याला जे सोसत नाही, त्यावर त्याने स्वतःपुरता उपाय शोधला आहे.

म्हणूनच गळ्यात आवळायचा क्रिबिंगचा पट्टा मला क्रूर वाटतो. तो कारण तसंच ठेवतो आणि उपाय तेवढा काढून घेतो. मॅकग्रीवी आणि निकोल यांनी घोड्यांना काही काळ क्रिबिंगपासून रोखून पाहिलं. मोकळीक मिळताच घोड्यांनी पहिल्यापेक्षा जास्त क्रिबिंग केलं.

आता चेंडूकडे येऊ. त्याचा पूर्वज घोड्यांसाठी नव्हताच. १९९० च्या दशकात एडिंबरामध्ये डुकरांसाठी 'फूडबॉल' तयार झाला: मातीत नाक खुपसून अन्न हुडकण्याची डुकराची ओढ बंदिस्त गोठ्यातही भागावी, म्हणून. पुढे तो घोड्यांना देऊन पाहिला गेला. २००१ साली जुलिएट हेंडरसन आणि नॅटली वॉरन यांनी खोडी असलेल्या घोड्यांना दाणा भरलेला असा चेंडू दिला, तर त्यांच्या खोडी कमी झाल्या. जाहिराती याच अभ्यासाच्या जोरावर चालतात. पण त्यात घोडे होते अवघे सहा. अभ्यास प्रामाणिक आहे, संशोधकांनी काही लपवलेलं नाही. सहा घोड्यांवरून 'कंटाळ्यावर रामबाण' अशी पाटी लावली ती विकणाऱ्यांनी.

तरी चेंडूमागची कल्पना भक्कम आहे. १९६३ साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांना कळ दाबून खाणं मिळवायला शिकवलं. मग शेजारी त्याच खाण्याने भरलेली वाटी ठेवली, फुकट. तरीही उंदीर बराचसा घास कळ दाबूनच मिळवत राहिले. पुढे कबुतरांपासून अस्वलांपर्यंत अनेक प्राण्यांत हेच दिसलं. अन्न मिळवण्याची खटपट ही प्राण्याची स्वतंत्र गरज आहे. पोट भरलं म्हणून ती भागत नाही. चेंडूशी खेळणारा घोडा पाहिला की हे कळतं. तो नाकाने चेंडू हलकेच ढकलतो, थांबतो, कान पुढे करतो. दाणा पडला की मान खाली जाते. अगदी नाकासमोरचं घोड्याला दिसत नाही, म्हणून मिशांचे केस जमिनीवर चाचपतात आणि वरचा ओठ बोटासारखा वळून भुशातून एकच दाणा अचूक उचलतो. तेवढ्या वेळात तो चरणारा घोडा असतो.

पण दाणा संपला की खेळ संपतो. ज्यातून खायला काही मिळत नाही, अशी नुसती लटकवलेली खेळणी तर घोडा थोड्याच दिवसांत विसरतो. आणि ज्याच्यापुढे पुरेशी वैरणच नाही, त्याला चेंडू देणं म्हणजे उपाशी पाहुण्यापुढे पानाऐवजी सोंगट्यांचा पट मांडण्यासारखं आहे. मॅकग्रीवी यांनी १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या शर्यतीच्या तबेल्यांची पाहणी केली होती. दिवसाला ६.८ किलोपेक्षा कमी वैरण मिळणाऱ्या घोड्यांत खोडींचा धोका जास्त होता. अंथरायला पेंढ्याऐवजी दुसरं काही वापरलेलं असलं, किंवा खोल्यांची बांधणी अशी असली की शेजारच्या घोड्याशी संबंध येत नाही, तरीही तेच.

चवीचं म्हणाल तर मला सर्वांत आवडलेला प्रयोग साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या डेबोरा गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २००५ साली त्यांनी घोड्यांच्या खाण्यात वेगवेगळे स्वाद मिसळून पसंती पाहिली. इंग्लंडमध्ये घोड्याला खाऊ म्हणजे गाजर आणि पेपरमिंट, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. घोड्यांनी पहिला नंबर दिला मेथीला! दुसरं केळं, तिसरी चेरी, चौथी रोझमेरी, आणि पाचवं जिरं. गाजर सहावं आलं, पेपरमिंट सातवं. धने आणि जायफळ मात्र त्यांना रुचले नाहीत. घोड्यांनी स्वतः मेथी पुढे केली, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. याच गटाने आधी हेही दाखवलं होतं, की एकाच प्रकारची वैरण देण्याऐवजी अनेक प्रकारची वेगवेगळ्या जागी ठेवली, तर घोडे जास्त वेळ चरतात. एकच असली की दारावरून बाहेर पाहत राहतात. थोडं गवत, थोडी लसूणघास, थोडा कडबा असं कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवायला फारसा खर्च येत नाही.

मात्र मान झुलवणाऱ्या घोड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला अडलेलं असतं ते मुख्यतः चालणं आणि सोबत. अमेरिकेतला सीबिस्किट हा घोडा १९३६ साली टॉम स्मिथ या प्रशिक्षकाकडे आला तेव्हा खंगलेला, चिडका होता आणि आपल्या खोलीत सारखा येरझारा घालत होता. दोन वर्षांचा असतानाच त्याला तब्बल पस्तीस शर्यतींत पळवलं होतं. स्मिथने सोबतीला एक शेळी आणून ठेवली. सीबिस्किटने तिला दातांत धरून गदागदा हलवलं आणि दारावरून बाहेर टाकून दिलं. स्मिथने हार मानली नाही. पम्पकिन नावाचा एक शांत, पिवळट रंगाचा घोडा आणला आणि दोन खोल्यांमधली भिंत पाडून टाकली. मग सीबिस्किट निवला. पुढे त्या खोलीत एक भटका कुत्रा आला, एक माकड आलं, आणि सगळे एकत्र झोपू लागले. १ नोव्हेंबर १९३८ रोजी याच घोड्याने वॉर ॲडमिरल या नामांकित शर्यतीच्या घोड्याला हरवलं. स्मिथपाशी कुठलाही शोधनिबंध नव्हता, घोड्याकडे पाहण्याची सवय होती.

शास्त्रज्ञ तिथे साठेक वर्षांनी पोचले. जोनाथन कूपर, डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोलीला जास्तीच्या बाजूंनी बाहेर पाहता येईल अशी सोय केली, तर झुलणं कमी झालं. २००२ मध्ये भिंतीवर न फुटणारा आरसा लावला, तरीही कमी झालं. प्रतिबिंबाची सोबतसुद्धा काही नसण्यापेक्षा बरी वाटावी, इतका घोडा कळपाचा प्राणी आहे. माझ्या मते आरशाचा नंबर मात्र शेवटचा. शेजारी खरा घोडा असताना मधली भिंत का राखायची?

सोबतीचा एक भाग माणसाच्याही हातात आहे. क्लोदिया फे यांनी १९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर दाखवलं, की घोडे एकमेकांना जिथे खाजवतात तिथे, म्हणजे मानेच्या मुळाशी पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशी, हाताने खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. दुसऱ्या जागी खाजवून हा परिणाम मिळत नाही. आपल्याकडे रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराचा हात नेमका तिथे रेंगाळतो, ते घोड्याचा ओठ थरथरताना पाहून. घोड्याची पहिली खबर या माणसांना असते. तबेल्याची बांधणी ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही, हे मला फार खटकतं.

तेव्हा ताई, मुलीला चेंडू घेऊ द्या, पण आधी शिकवणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: घोड्याला दिवसाला किती किलो वैरण मिळते, रात्री शेवटची वैरण किती वाजता पडते आणि तो मोकळ्या जागेत दुसऱ्या घोड्याबरोबर किती वेळ असतो. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगलं, तर तेच गवत कितीतरी जास्त वेळ पुरतं, आणि तेही चेंडूपेक्षा स्वस्तात. चेंडू घेतलाच तर निळा किंवा पिवळा घ्या. लाल आणि हिरव्यातला फरक घोड्याला नीट कळत नाही. त्यात भरलेला दाणा रोजच्या चंदीतून वजा करा. गूळ आणि गोड चाटणी रोज नकोत. गाजर चकत्या न करता उभं चिरून द्या. गोल चकती घशात अडकते आणि घोड्याला उलटी करता येत नाही. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नको. चघळायला फांदी टांगणार असाल तर झाड ओळखून घ्या: कण्हेर आणि एरंड घोड्याला जीवघेणे आहेत, आणि कण्हेर आपल्याकडे अनेक तबेल्यांच्या कुंपणालाच लावलेली असते. ती आधी काढायला सांगा.