मालवाहतुकीचा दर आणि उद्योगांचे स्थान

वस्तूची किंमत ती जेथे निर्माण होते तेथे पूर्ण होत नाही. ती जेथे वापरली जाते तेथवर नेण्याचा खर्च तीत मिळवावा लागतो. हा खर्च दोन प्रकारचा असतो. अंतर, घाट, नद्या व इंधन यांचा खर्च निसर्गाने लादलेला, तर जकात, पथकर व ठरवून दिलेले भाडे हा शासनाने लादलेला. मराठीतील ‘हुंडेकरी’ या जुन्या शब्दात हे दोन्ही खर्च एकत्र आलेले आढळतात. वाटेतील जकाती स्वतः भरून ठरावीक रकमेत माल इष्ट स्थळी पोहोचविण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. त्याच्या एका आकड्यात बैलांची वैरणही असे आणि राज्यकर्त्यांचे धोरणही असे. मालवाहतुकीचा अर्थव्यवस्थेशी असलेला संबंध समजून घ्यावयाचा, तर हे दोन घटक वेगळे काढून पाहावे लागतात. भारतातील पोलादाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली उद्योगांच्या स्थानाविषयी एक उपपत्ती मांडली. प्रक्रियेत ज्याचे वजन पुष्कळ घटते असा कच्चा माल वापरणारा उद्योग त्या मालाच्या जवळ जातो, असे तिचे एक सूत्र आहे. जमशेटजी टाटा यांच्या योजनेची वाटचाल या सूत्राला धरूनच झाली. प्रथम चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाचा विचार झाला. परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा या कामास अयोग्य ठरला. पुढे मयूरभंजचे खनिज, झरियाचा कोळसा आणि नदीचे पाणी यांचा मेळ साकची येथे बसला. १९०७ साली कंपनीची स्थापना झाली आणि साकचीचे पुढे जमशेदपूर झाले. येथे स्थान ठरविले ते मुख्यतः निसर्गाने.

स्वातंत्र्यानंतर दुसरा घटक प्रबळ झाला. १९५० च्या दशकात शासनाने पोलाद व सिमेंट यांसारख्या मालासाठी भाडे-समानीकरणाचे धोरण स्वीकारले. सर्व ग्राहकांकडून भाड्याची सरासरी रक्कम किंमतीतच वसूल करावयाची आणि त्या निधीतून दूरच्या ग्राहकांचा जादा खर्च भागवावयाचा, अशी ही पद्धती होती. परिणामी कारखान्याच्या दाराशी असलेला ग्राहक आणि दीड-दोन हजार किलोमीटरांवरील ग्राहक यांना पोलाद एकाच भावाने मिळू लागले. देशाच्या सर्व भागांत उद्योग पसरावेत, हा त्यामागील हेतू होता.

हेतू समतेचा असला, तरी परिणाम समतेचा झाला असे म्हणता येत नाही. बिहार, पश्चिम बंगाल व ओरिसा यांना खनिजांच्या सान्निध्यामुळे लाभलेला फायदा नाहीसा झाला. मुंबई-पुणे परिसराला बंदर, भांडवल व बाजारपेठ यांची अनुकूलता पूर्वीपासूनच होती; तीत आता समान भावाच्या पोलादाची भर पडली. उलटपक्षी, पश्चिमेकडील कापसाला असे समानीकरण लागू नव्हते. पूर्व भारताच्या औद्योगिक पीछेहाटीस अन्य कारणेही होती, हे खरे. तथापि त्यांत या धोरणाचा वाटा होता, हे नाकारता येणार नाही. १९९२ मध्ये पोलादावरील समानीकरण रद्द झाले. पण स्थिरावलेले उद्योग परत गेले नाहीत. कारखान्याभोवती कुशल कामगार, सुट्या भागांचे उत्पादक आणि ग्राहक जमले, की वाहतुकीच्या दरातील फरक एकट्याने त्याला हलवू शकत नाही. धोरण मागे घेता येते. त्याने घडविलेला भूगोल सहजी मागे घेता येत नाही.

भाड्याच्या धोरणाचा असाच दूरगामी परिणाम वाहतुकीच्या साधनांवरही झालेला दिसतो. टन-किलोमीटरांत मोजल्यास, १९५०-५१ मध्ये रेल्वे व रस्ते यांवरील एकूण मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आज तो एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. रस्त्यांचा विस्तार आणि दारापर्यंत माल पोहोचविण्याची मालट्रकची सोय ही याची कारणे आहेतच. त्याखेरीज, प्रवासी भाडे कमी ठेवण्यासाठी रेल्वेने मालाचे भाडे चढे ठेवले, हेही एक प्रमुख कारण होय. त्यामुळे वजनाने हलका पण मोलाने भारी असा माल रस्त्याकडे वळला आणि रेल्वेकडे मुख्यतः जड माल उरला. रेल्वेने वाहिलेल्या मालाच्या वजनात आज जवळजवळ निम्मा वाटा एकट्या कोळशाचा आहे.

मालवाहतुकीचे आकडे हे अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीचे निदर्शक मानले जातात. ते वाचताना वरील भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. रेल्वेचा वाढता टनभार प्रामुख्याने वीजनिर्मिती व अवजड उद्योग यांची हालचाल दर्शवितो. बाजारातील तयार मालाची उलाढाल पाहावयाची, तर रस्त्यावरील वाहतुकीकडे वळावे लागते. शिवाय या दोहोंतील विभागणी केवळ मागणीने झालेली नसून दरांच्या धोरणानेही घडविलेली आहे. यास्तव मालवाहतुकीचा दर ही निव्वळ हिशेबाची बाब मानून चालणार नाही. कोणत्या प्रदेशात कारखाना उभा राहावा आणि कोणाच्या हाताला काम मिळावे, यांविषयीचा निर्णय त्यात अंतर्भूत असतो. म्हणून करांच्या दराइतकीच त्याचीही उघड चिकित्सा होणे आवश्यक आहे.