तुडुमाजवळचा दुभाष्या

मे महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि नागभीड तालुक्यातला एक मामा तलाव रोज दुपारी पाच सेंटिमीटर भरतोय, पहाटेपर्यंत तेवढाच उतरतोय! तुडुमाजवळच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळच्या, खांबावर आम्ही बसवलेलं यंत्र तरी तसंच सांगत होतं. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं धान या तलावांवर पोसलं जातं.) तलावाचं पाणी सांभाळणाऱ्या काकांनी विचारलं, "पानी येते कुठून जी?"

पाणी कुठूनच येत नव्हतं. यंत्र पाण्यावर आवाज सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळात परततो त्यावरून अंतर काढतं. त्यासाठी आवाजाचा वेग आम्ही सेकंदाला ३४३ मीटर धरला होता. तो २० अंशांचा वेग. चंद्रपूरच्या ४५ अंशांत आवाज ३५८ मीटरने धावतो. दोन मीटर खाली असलेलं पाणी मग आठ-नऊ सेंटिमीटर जवळ भासतं. पहाटे हवा निवते, तशी चूकही निवते, पण पूर्ण नाही; म्हणून चढउतार पाच सेंटिमीटरचाच दिसत होता.

चूक कळली, पण दुरुस्ती कुठे करायची? लॅपटॉप नागपुरात, तलावाच्या पाळीवर नेटवर्क नाही. मी खिशातून मोबाइल काढला, केबलने यंत्राला जोडला. पडद्यावर तीन बाण उमटले. म्हणजे यंत्र म्हणत होतं, बोला. मी एक ओळ टाइप केली : तापमानाला ०.६ ने गुणा, त्यात ३३१ मिळवा, तो वेग धरा. सावलीत तापमानाचा सेन्सर होताच. एंटर दाबलं आणि त्याच क्षणी खरा आकडा समोर आला. मग तीच ओळ फाइलमध्ये लिहून ठेवली.

हे जमलं ते यंत्रातल्या चिपमध्ये बसलेल्या दुभाष्यामुळे. चिपला माणसाची भाषा कळत नाही. एरवी प्रोग्रॅमचं भाषांतर मोठ्या संगणकावर आधीच पूर्ण करून ते चिपमध्ये भरतात. जणू भामरागडला धाडायचं पत्र शहरातच माडिया भाषेत करून घ्यायचं. एक शब्द बदलायचा तर पत्र पुन्हा शहरात. इंटरप्रिटर म्हणजे सोबत आलेला दुभाष्या. तुम्ही वाक्य बोला, तो तिथल्या तिथे समजावून सांगतो.

आणि केवढ्याशा जागेत! आमच्या खांबावर होता रास्पबेरी पाय पिको, त्या चिपचा बोर्ड. २०२१ साली आलेला, बोटभर लांबीचा. त्याची कामाची मेमरी २६४ किलोबाइट. त्यावर चालणारं मायक्रोपायथन, म्हणजे आमचा दुभाष्या, तर १६ किलोबाइट मेमरीतही संसार थाटतं. हा लेख देवनागरीत साठवायलाच आठेक किलोबाइट लागतील! डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने २०१३ साली लोकवर्गणीतून मायक्रोपायथनचं काम उभं केलं. त्याआधीही असे दुभाषे होतेच. १९८४ च्या सुमारास भारतातल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या संगणकामध्ये बेसिक भाषा १६ किलोबाइटच्या रॉममध्ये बसली होती.

या काटकसरीतली एक युक्ती मला फार आवडते. मेमरीतल्या वस्तूंचे पत्ते चारने भाग जाणारे ठेवले, की पत्त्याचा शेवटचा बिट कायम शून्य असतो, म्हणजे वायाच जातो. मायक्रोपायथन तिथे १ लिहितं आणि त्याचा अर्थ होतो : हा पत्ता नाही, हा खुद्द आकडाच आहे. लहानसहान पूर्णांकांना मग वेगळं घर लागतच नाही. एका बिटाने केवढी जागा वाचवली!

दुभाष्यामुळे वेळ जातो, हे खरं. थेट चिपच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कित्येक पटींनी वेगात पळतो. पण तलावाला घाई नाही. दहा मिनिटांतून एकदा मोजलं तरी पुष्कळ. आणि प्रतिध्वनीचे ते अकरा हजार मायक्रोसेकंद मोजण्याचं नाजूक काम आत आधीच चिपच्या भाषेत करून ठेवलेलं असतं. दुभाष्या फक्त उत्तर आणून देतो.

सहा दिवसांनी पुन्हा गेलो. दुपारची भरती नाहीशी झाली होती आणि तिच्याआड लपलेली खरी गोष्ट दिसत होती : ऊन रोज सुमारे एक सेंटिमीटर पाणी पीत होतं. सहा दिवसांत सहा.

"सेंटिमीटर नको जी," काका म्हणाले, "बोटात सांगते का थे?"

मी त्यांच्या बोटाची रुंदी पट्टीने मोजली. १.९ सेंटिमीटर. मोबाइल जोडला, तीन बाणांपुढे भागाकाराची ओळ लिहिली. उत्तर आलं, ३.१६. काका खाली उतरले, तुडुमाच्या दगडावर मागच्या खेपेला ओल जिथवर होती तिथे खडूने आम्ही केलेली खूण शोधली आणि खुणेपासून पाण्यापर्यंत तीन बोटं आडवी लावून पाहिली.