दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरचे सिनेमे

दिवाळीत काय पाहायचं हे आयत्या वेळी ठरवू गेलं की निम्मी सुट्टी तिथेच जाते. सोलापूरकरांनी यंदा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांचे सिनेमे निवडावेत.

वसुबारसेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६). सोलापुरात १९१० साली जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस युद्धग्रस्त चीनमध्ये जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी दिग्दर्शन तर केलंच, कोटणीसही स्वतःच साकारले. आजी-आजोबांना शेजारी बसवून बघावा असा!

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मोकळी ठेवावी.

पाडव्याला पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२). स्मिता पाटीलसाठी तरी चुकवू नये. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) जवळपास तीन तासांचा, शेवट हादरवणारा. तो भाऊबिजेनंतरच्या रात्री, लहान मुलं झोपल्यावर लावावा.